एकटीला समजून काय उपयोग?

मला पाहून कुणाला आनंद झाला असं माझ्या नोकरीत फारसं घडलं नाही. पोस्टमन आला की माणसं दारात येतात. मी आले की दार ओढून घेत. शेजारी विचारतील या भीतीने एका घरात माझी ओळख 'मुलीच्या शाळेतल्या बाई' अशी करून दिली होती, आणि दुसऱ्या एका घरात मी कित्येक महिने विमा एजंट होते. तिथल्या शेजाऱ्याने मला एकदा जिन्यात गाठून हप्त्याबद्दल विचारलं, तेव्हा माझी फार पंचाईत झाली.

मी नवी मुंबईतल्या एका आरोग्य केंद्रात टीबीचं काम करत होते. लोकांना वाटतं, सिस्टर म्हणजे इंजेक्शन. आमच्या हातात सुई क्वचितच असायची. ज्याच्या थुंकीत टीबीचे जंतू सापडले त्याच्या घरी जायचं, आजार काय आहे ते समजावायचं, घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्यायची आणि औषध शेवटपर्यंत चालू राहील हे पाहायचं. यातलं 'शेवटपर्यंत' सगळ्यात अवघड. साध्या टीबीचं औषध सहा महिने चालतं, पण माणसाला दीड-दोन महिन्यांतच बरं वाटायला लागतं. भूक लागते, ताप जातो, आणि तो गोळ्या बंद करतो. मग उरलेले जंतू असे निबर होतात की पुढे त्याच गोळ्यांना दाद देत नाहीत.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं की रुग्णाला नीट समजावून सांगा आणि मग त्याच्याच शब्दांत त्याच्याकडून वदवून घ्या. त्याला बरोबर सांगता आलं, तर त्याला समजलं. मी हे मनापासून करत असे. त्या हिशेबाने द्रुपदाताई माझी सगळ्यात हुशार रुग्ण होती.

बेलापूरच्या खाडीकाठचं तिचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, आणि माणसांची नावंही मी बदलली आहेत. द्रुपदाताई कोळीण, पन्नाशीची, विधवा. मुलगा कंपनीत कामाला, सून प्रणाली, आणि तीन वर्षांची नात स्वरा. ताई गावातल्या इतर बायकांबरोबर टेम्पोने खारघरला जाऊन एका मोठ्या सोसायटीच्या गेटबाहेर मासे विकायची. खोकला बरेच दिवस होता. दुकानातून बाटल्या आणून प्यायली, मग अंगावरची साडी सैल झाली, तेव्हा सून तिला आमच्याकडे घेऊन आली.

पहिल्या भेटीत मी सगळं सांगितलं. लघवी लाल-केशरी होईल, घाबरायचं नाही. सुरुवातीचे काही आठवडे तोंडाला मास्क, खिडक्या उघड्या, नातीला कुशीत घेऊन झोपायचं नाही. बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत. मग विचारलं, "का सोडायच्या नाहीत, सांगा बघू."

ती जराही न अडखळता म्हणाली, "बोंबील अर्धा सुकवून काढला तं वरून सुका दिसतो, आतून कुजतो. मंग पावसालभर वास मारतो. तसाच ना ह्यो?"

पुढे कितीतरी घरांत मी हेच उदाहरण वापरलं. ट्रेनिंगमधल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा ते लवकर पोचायचं.

तिने सगळं नीट पाळलं. ओट्यावर वेगळी बसली, नातीला लांबून गोष्टी सांगितल्या. स्वराला आजार नव्हता, पण घरात रुग्ण असला की लहान मुलांना आजार होऊच नये म्हणून औषध देतात, तेही सुरू झालं. ताईच्या अंगावर हळूहळू मांस चढलं. पुढे थुंकी पुन्हा तपासली, त्यात जंतू नव्हते. डॉक्टर मॅडमनी सांगितलं, "आता तुमच्यापासून कुणाला लागण होण्याची भीती नाही. कामावर जा, फक्त गोळ्या चुकवू नका." द्रुपदाताई मॅडमच्या पायाच पडायला निघाली.

आणि मग ती गोळ्या न्यायला यायची थांबली.

मी घरी गेले. ओटा रिकामा. प्रणालीने दार अर्धवट उघडलं. "आई उरणला गेल्यात, मावशीकडे."

"आणि स्वराचं औषध? तेही नेलं नाहीत तुम्ही."

प्रणाली दार लोटून घ्यायला लागली. तेवढ्यात आतून भांडं पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ द्रुपदाताईचा, "येऊ दे गो त्यांना. कुटवर खोटा बोलशील?"

ती आतल्या खोलीत पाटावर बसली होती. खिडकी बंद. तिने जे सांगितलं ते असं. कुणीतरी तिला आमच्या केंद्रात टीबीच्या खोलीतून बाहेर पडताना पाहिलं होतं. ती गेटवर परत बसायला लागली त्याच आठवड्यात सोसायटीच्या मोबाईल ग्रुपवर तिचा टोपलीसकट फोटो आला. खाली लिहिलेलं, या बाईला टीबी आहे, हिच्याकडून मासे घेऊ नका. गिऱ्हाईक तुटलं. नुसतं तिचं नाही, तिच्या शेजारी बसणाऱ्या सगळ्यांचंच. मग टेम्पोतल्या बायकांनी तिला सांगितलं, तू येऊ नको.

"ताई, गोळ्या का सोडल्या पण? तुम्हाला तर सगळं माहीत आहे. बोंबलाचं तुम्हीच मला शिकवलंत."

"शिष्टर, मना सगला समजला," ती म्हणाली. "तुमी सांगितला तसाच समजला. पन मना एकटीला समजून काय उपेग? गोली आनाला गेली तं लोकं बघतात. सून गेली तं तिला बघतात. उद्या पोरीला बालवाडीन कोनी घेनार नाय. गावाला कवा समजंल?"

मी बरोबर आणलेल्या गोळ्या तिच्यापुढे ठेवल्या. गोळ्या तिने घेतल्या नाहीत, परतही दिल्या नाहीत.

बसमध्ये मला शंकरची आठवण झाली. वाशीच्या बाजारात पोती उचलणारा माथाडी, माझ्याच सातारा भागातला. त्याला मी कितीही समजावलं तरी पुढच्या खेपेला पाटी कोरी. कुठली गोळी कधी घ्यायची विचारलं की म्हणायचा, "ते रूमवाल्यांना विचारा, बाई." एका खोलीत ते बरेच जण राहत. त्यांच्यातल्या एकाच्या भावाला पूर्वी टीबी झालेला आणि तो बरा झालेला, त्यामुळे खोलीला हा आजार ठाऊक होता. सकाळचा चहा मिळायच्या आधी शंकरच्या तळहातावर गोळ्या पडत. खिडकीखालची जागा त्याला दिलेली. तो कधी गावी गेला तर खोलीतला कुणीतरी फोन करून विचारायचा, घेतल्यास का. शंकरला शेवटपर्यंत आजाराचं नाव नीट घेता आलं नाही, आणि तो ठणठणीत बरा झाला. त्याच्या वाटणीचं सगळं खोलीने लक्षात ठेवलं होतं. द्रुपदाताईला सगळं लक्षात होतं, पण तिच्या आजूबाजूला ती खोली नव्हती.

डॉक्टर मॅडमना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग गावाशीच बोलायला हवं. मात्र तिचं नाव घ्यायचं नाही." ते आम्ही कधीच घेत नसू.

गावातल्या देवळाच्या सभामंडपात कार्यक्रम ठरला. माईक, खुर्च्या, चहा, भिंतीला पोस्टर. मी तासभर बोलले. माणसांनी माना डोलावल्या. "काही शंका?" असं विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघून हसले. शेवटी मला शाल आणि नारळ मिळाला. टेम्पो दुसऱ्या दिवशी द्रुपदाताईशिवायच निघाला.

खारघरच्या सोसायटीतही मी गेले होते. सेक्रेटरी भला माणूस, पण म्हणाला, "मॅडम, सध्या पार्किंगचा विषय पेटलाय. हे जरा शांत होऊ द्या." ते शांत व्हायची मी अजून वाट बघते आहे.

सभेनंतर दोन-तीन दिवसांनी मी बसस्टॉपवर उभी असताना मागून हाक आली. टेम्पोतल्या बायकांची पुढारी, भारतीबाई. धिप्पाड, कपाळभर कुंकू, आवाज खाडीपलीकडे जाईल असा. त्या दिवशी मात्र अगदी हळू बोलत होती.

"शिष्टर, एक इचारू? मासलीतून जातो का ह्यो आजार?"

"नाही."

"टोपलीतून? एका तांब्यान पानी प्यायला तर?"

"नाही हो. श्वासातून जातो. बंद खोलीत, औषध न घेणारा माणूस खोकत असला तर. औषध नीट चालू असेल तर तेही थांबतं. माशातून नाही, भांड्यातून नाही."

"मंग ह्या देवलान का नाय बोललीस?"

"बोलले की! तुम्ही पुढच्याच खुर्चीवर होता."

"तवा सगले होते," भारतीबाई म्हणाली. "सगल्यांचे समोर कोन आयकतो?"

मग तिने तिच्या सासूची गोष्ट सांगितली. सासूला हाच आजार होता. गावाबाहेर झोपडी बांधून दिली, भांडी खाडीत सोडली, गोधडी जाळली. ती गेली. घरातल्या बाकीच्यांना काही झालं नाही. "म्हनून आमाला वाटतं, तसाच कराला लागतं," ती म्हणाली.

बस आली आणि गेली, मी चढलेच नाही. मला तोवर वाटत होतं की या गावाला काही माहीत नाही. माहीत होतं. औषध नव्हतं त्या काळात माणसं वाचवायची जी एकच रीत त्यांच्या हाती होती, ती त्यांनी जपून ठेवली होती आणि लेकीसुनांना दिली होती. त्यानंतर औषध आलं, ते एकेका माणसाच्या कानात सांगितलं गेलं. गावाला कुणी सांगितलंच नाही. माझ्यासारख्यांचं सगळं बोलणं आजपर्यंत बंद दाराआडच झालं होतं.

"मी कुठे येऊन बोलू?" मी विचारलं.

"जेट्टीवर ये. होड्या यायच्या आधी आमी बसलेल्या असतो. तिथं इचारतील."

तिथे मी गेले, आणि पुढेही बऱ्याचदा गेले. भरतीची वाट बघत बायका जाळ्यांच्या ढिगाला टेकून बसलेल्या असत, कुणी चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधत, कुणी नुसतीच पाय पसरून. माईक नाही, चहा नाही. पहिल्या दिवशी मी काही बोललेच नाही, त्याच विचारत सुटल्या. नवऱ्याजवळ निजलं तर होतो का? पोटातल्या पोराला होतो का? दारूने होतो की नाही? औषधाने पोर होत नाही म्हणतात, खरं का? एकीने विचारायचं, दुसरीने हसायचं, तिसरीने तिला गप्प करायचं आणि मग स्वतःच तोच प्रश्न फिरवून विचारायचा. उत्तर मी एकीला दिलं की ती दुसरीला आपल्या भाषेत समजावायची, आणि त्या समजावण्यात चूक झाली तर तिसरी पकडायची. देवळातल्या तासाभरात जे झालं नाही ते तिथे होताना मी बघत होते.

मग भारतीबाईने सगळ्यांसमोर विचारलं, "उघड्या टेम्पोन, वारा सुटलेला, बाईचा औषध परत चालू झालेला, डागदरनी परवानगी दिलेली. बाजूला बसली तं काय होल?"

"काही होणार नाही," मी म्हटलं. "मी स्वतः बसेन."

कुणी काही ठराव केला नाही. माफी मागायला म्हणून कुणी द्रुपदाताईच्या घरी गेलं नाही. भारतीबाई गेली, पण बोलली ती आपल्या नेहमीच्या तोऱ्यात. प्रणालीने मला नंतर जसंच्या तसं सांगितलं. दारात उभी राहून ती ओरडली, "द्रुपदे, उद्या टेम्पोन ये. गोली आमचे समोर खायाची. खाल्लीस नाय तं टेम्पोन चढायचा नाय!"

दुसऱ्या दिवशी द्रुपदाताई आधी केंद्रात आली. मधल्या खंडामुळे मॅडमनी तपासण्या पुन्हा केल्या. नशीब, जंतू निबर झाले नव्हते. औषध पुढे सुरू झालं. स्वराचंही. आणि रोज सकाळी टेम्पो सुरू व्हायच्या आधी सगळ्या बायकांच्या देखत गोळ्या घेतल्या जाऊ लागल्या. ड्रायव्हरसुद्धा किल्ली फिरवायच्या आधी मागे वळून विचारायचा, "झाली का?"

गाव वळलं, पण गेट राहिलं होतं. खारघरला पहिल्या दिवशी द्रुपदाताईने मला बरोबर चलायची गळ घातली. मी एका बाजूला उभी राहिले. बायकांनी टोपल्या मांडल्या. गाड्या आत-बाहेर होत होत्या. काचा खाली व्हायच्या, द्रुपदाताई दिसली की वर जायच्या. भारतीबाई शिव्या पुटपुटत होती. द्रुपदाताई मात्र कोळंबीवर पाणी मारत बसली होती, मान खाली घालून.

एक तरुण बाई कडेवर बाळ घेऊन बाहेर आली, टोपल्यांपर्यंत न जाता माझ्याकडे वळली. मेघना तिचं नाव. ताईचं जुनं गिऱ्हाईक.

"तुम्ही आरोग्य केंद्रातल्या ना? ते ग्रुपवरचं..." ती घुटमळली. "मला माहितीये हो, माशांतून होत नाही. मी तेव्हाच नेटवर सगळं वाचलं होतं."

"मग?"

"मग काय! ग्रुपवर एवढे लोक बोलत होते. मी एकटीने लिहिलं असतं तर म्हणाले असते, तुझ्या बाळाला काही झालं तर? मलाच टेन्शन आलं. मी गप्प बसले."

तेच वाक्य, खाडीकाठच्या बंद खोलीतलं, इथे चकचकीत गेटसमोर पुन्हा ऐकू आलं. तिलाही समजलं होतं आणि तीही एकटीच होती. मी तिला काही उपदेश केला नाही. एवढंच म्हटलं, "तुम्हाला वाटतं तेवढ्या एकट्या नसाल."

ती आत गेली. "गेली," द्रुपदाताई म्हणाली.

थोड्या वेळाने ती डबा घेऊन परत आली. बरोबर शेजारच्या फ्लॅटमधली एक बाई. मेघना थेट द्रुपदाताईसमोर बसली आणि गेटवरच्या वॉचमनला, थांबलेल्या गाड्यांना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मावशी, किती दिवसांनी! तब्येत कशी आहे? औषध चालू आहे ना?"

द्रुपदाताईने मान वर केली. मग तीही तितक्याच मोठ्याने म्हणाली, "चालू हाय. रोज खातंय. डागदर बोलली, आता माज्यापासून कोनाला भ्या नाय." आणि कोळंबी तोलायला घेतली.

संध्याकाळी मेघनाने ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या. त्यावर वादही झाला. एकाने तिला चार गोष्टी सुनावल्या, दोघांनी तिची बाजू घेतली. पण त्याच संध्याकाळी तिला एक वेगळा, खासगी निरोप आला. तिच्याबरोबर डबा घेऊन उतरलेल्या त्या शेजारणीचाच. माझ्या सासऱ्यांना तोच आजार आहे, आम्ही कुणाला सांगितलेलं नाही, औषध मध्येच सुटलंय, ते केंद्र कुठे आहे?

ते आजोबा शिकलेले, निवृत्त अधिकारी. घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि सगळ्यांनी मिळून ते लपवलं होतं. त्यांचा आजार पुढे गेला होता, औषधं जड आणि लांबलचक लागली. ते वाचले, पण एक फुप्फुस बरंचसं गेलं. आजही चार पावलं चालले की थांबतात. ते थांबले की मला वाटतं, हे गेट सहा महिने आधी उघडलं असतं तर. भारतीबाईनेही नवऱ्याला केंद्रात ओढत आणलं. त्याला टीबी नव्हता, विडीचा खोकला होता. भारतीबाईला या निकालाचा आनंद झाला की विडी सुटणार नाही म्हणून राग आला, ते मला कळलं नाही.

द्रुपदाताईचा कोर्स पूर्ण झाला त्या दिवशी ती एकटी आली नाही. टेम्पोच आला. केंद्राच्या दारात माशांचा वास दरवळला आणि टीबीच्या खोलीसमोर, जिथे माणसं तोंड लपवून बसत, तिथे या बायका मोठमोठ्याने हसत बसल्या. मॅडमनी एक्स-रे उजेडासमोर धरला. एकामागून एक सगळ्या बघायला आत शिरल्या. आतलं कुणालाच काही कळत नव्हतं, पण भारतीबाई म्हणाली, "साफ हाय!" आणि मॅडम म्हणाल्या, "हो, साफ आहे."

निवृत्त होऊन मला आता काही वर्षं झाली. मागच्या थंडीत मी कोळंबी घ्यायला त्याच जेट्टीवर गेले होते. ओळखीचं कुणी दिसलं नाही. एक नवी मुलगी टोपली घेऊन बसलेली, लग्न होऊन आलेली असावी. मी भाव विचारला आणि मला खोकला आला. हवा वाईट होती, घसा धरला होता.

तिने वजन करता करता डोळे बारीक केले. "खोकला कवापासून हाय, मावशी?"

"झाले असतील काही दिवस."

"दोन आठवड्यांचे वर झाला असंल तं थुकी तपासून घ्यायची. फुकट करतात, इथं जवल केंद्र हाय. आनि लाजायचा नाय. माशातून जात नाय तो, भांड्यातून पन नाय. मी सांगतंय तुमाला." मग शेजारणीकडे वळून म्हणाली, "सांग गो ह्यांना, रस्ता कुटून जातो."

शेजारणीने मला माझ्याच केंद्राचा रस्ता समजावला. डावीकडे वळा, मग सरळ. तिने एक वळण चुकीचं सांगितलं. मी कोळंबी घेतली आणि त्या पाहत होत्या म्हणून त्यांनी सांगितलेल्या दिशेनेच चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रात जाऊन रांगेत बसले.